भैय्या चौकातले डॉक्टर कोटणीस

सोलापूरला शौर्याचे वावडे कधीच नव्हते. १९३० साली इथे मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्याला फासावर गेले. त्या शौर्यापुढे मान आपोआप झुकते. पण याच शहरात आणखी एक माणूस जन्मला, त्याचे मोठेपण मात्र चटकन डोळ्यांत भरत नाही. ते एका दिवसाचे नव्हते. तो रोज सकाळी उठून आपले काम करत होता, एवढेच!

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. घर भैय्या चौकातले, परिस्थिती मध्यमवर्गीय. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज वाचले आहेत. त्यामुळे त्या काळी अशा घरातला एक मुलगा डॉक्टर होणे म्हणजे काय, याचा अंदाज मला आहे. त्यावर बहिणींची लग्ने ठरतात, धाकट्यांच्या फिया भरल्या जातात, म्हाताऱ्या आईबापांना जरा श्वास घेता येतो. हा मुलगा पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करत होता. आणखी थोडी वर्षे गेली असती, तर दारावर पाटी लागली असती.

१९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर पाठवण्याची विनंती केली आणि तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषबाबू यांनी देशाला आवाहन केले. पाच जणांचे पथक तयार झाले. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोलकर, बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली. घरच्यांनी काय म्हटले असेल, याची कल्पना आईबापांनी करून पाहावी.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी त्यांना मिळाली. परत फिरायला याहून सबळ कारण कोणते? कोणी बोटही दाखवले नसते. ते फिरले नाहीत. हा निर्णय मला आजही सहज पचत नाही. इथे आई होती, भावंडे होती, त्यांचाही हक्क होताच. अशा माणसाच्या त्यागाचा हप्ता घरची माणसे फेडत असतात, आणि त्या खात्यावर त्यांचे नाव कधी लागत नाही. तरीही एवढे मान्य करावे लागते की, मागे राहून त्यांनी स्वतःसाठी काहीही कमावले नाही.

फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोचले. पुढे आघाडीमागच्या डोंगराळ मुलखात गेले. त्याच मुलखात नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा शल्यचिकित्सक, शस्त्रक्रिया करताना बोट कापून झालेल्या जंतुदोषाने नोव्हेंबर १९३९ मध्ये मरण पावला होता. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते. इथे खेड्यातली घरे हेच वॉर्ड. शत्रू जवळ आला की जखमींना उचलून दुसरे गाव गाठायचे. औषधांचा तुटवडा, अंगाला न सोसणारी थंडी, जेवण जे मिळेल ते. १९४० च्या एका लढाईत ते सलग तीन दिवस आणि तीन रात्री शस्त्रक्रिया करत होते, असे सांगतात. चित्रपटवाल्यांना तो प्रसंग आवडणारच.

मला मात्र त्यांचे चिनी भाषा शिकणे जास्त मोठे वाटते. परक्या मुलखात गेलेला डॉक्टर दुभाष्यावर काम भागवू शकतो. यांनी ती अवघड भाषा आत्मसात केली, तिच्यातून विद्यार्थ्यांना शिकवले आणि त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. आपण कायमचे पुरणार नाही, तेव्हा मागे हात तयार झाले पाहिजेत, हा त्यातला व्यवहारी विचार. तिथले लोक त्यांना को तिहुआ म्हणत. नावातला 'हुआ' म्हणजे चीन.

को छिंगलान या तिथेच परिचर्या शिकवत. १९४१ च्या नोव्हेंबरात दोघांचे लग्न झाले, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवले यिन्हुआ. 'यिन' म्हणजे भारत. त्याआधीच डॉक्टरांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी दुसरीकडे जा, असा वरिष्ठांचा आग्रह होता. त्यांनी ऐकले नाही. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे सगळे संपले. वय ३२. मूल साडेतीन महिन्यांचे, पुस्तक अर्धवट.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, स्वतः डॉक्टर झाले आणि जयश्रीबाईंना छिंगलानची भूमिका दिली. त्या चित्रपटाने हे नाव घरोघर गेले. भैय्या चौकातल्या घराचे स्मारकही झाले. चीनहून मोठी माणसे भारतात आली की कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत.

छिंगलान यांचे पुढे काय झाले, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी विचारत नाही. मुलाला त्यांनी वाढवले. तो वैद्यकाचेच शिक्षण घेत होता आणि १९६७ मध्ये, पंचविशीच्या आतबाहेर, तोही गेला. त्यानंतर त्या तब्बल ४५ वर्षे जगल्या. सासरची नाती त्यांनी तुटू दिली नाहीत, भारतात येत राहिल्या. जून २०१२ मध्ये दालियन येथे त्यांचे निधन झाले.