षष्ठीचा संबंध आणि इतिहासाचार्य राजवाडे

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव निघाले की प्रथम आठवतात ते ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड. व्याकरणकार राजवाडे त्या मानाने उपेक्षित राहिले. वास्तविक ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा अपुऱ्या राहिलेल्या कामांत मराठी धातूंचा कोश होता. इतिहास आणि व्याकरण ही त्यांच्या लेखी दोन वेगळी शास्त्रे नव्हती. शब्दाला लागणारा प्रत्यय हाही त्यांच्या दृष्टीने कागदपत्राइतकाच अस्सल पुरावा होता.

त्यांचा जन्म २४ जून १८६३चा, कुलाबा जिल्ह्यातील वरसई येथला. बालपणीच पितृछत्र हरपले. डेक्कन कॉलेजातून पदवी मिळविल्यावर काही काळ त्यांनी शिक्षकाचे काम केले. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही आणि नोकरीचा पाशही तोडला. १८९४मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ हे मासिक काढले. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’सारखा ग्रंथ मराठीत आणू पाहणाऱ्यास दोन भाषांच्या रचनेतील अंतराकडे डोळेझाक करता येत नाही. स्वामित्वाचेच उदाहरण घ्यावे. इंग्रजीत माणसाला भाऊ, घर, ताप आणि मत या सर्व गोष्टी एकाच सकर्मक क्रियापदाने ‘असतात’. मराठीत भाऊ मला असतो, पैसा माझ्याजवळ असतो, घर माझे असते आणि ताप मला येतो. स्वामित्व दाखविणारे स्वतंत्र क्रियापदच मराठीत नाही. तो भार विभक्तीला आणि शब्दयोगी अव्ययांना वाहावा लागतो.

नेमक्या याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकातील मराठी व्याकरण अडखळत होते. १८३६मध्ये प्रसिद्ध झालेल्या दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणापासून इंग्रजी व्याकरणाची मांडणी आणि संस्कृताची विभक्तिव्यवस्था यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न चालू होता. षष्ठीच्या बाबतीत तो नीट बसेना. इंग्रजीत स्वामित्वदर्शक ‘एस’ धन्याच्या नावाला चिकटतो आणि मग बदलत नाही. रामाचा घोडा असो वा घोडी, चिन्ह तेच. मराठीत मात्र रामाचा घोडा, रामाची घोडी, रामाचे घोडे, रामाच्या घोड्याला असे पालटत जाते. प्रत्यय लागतो रामाला आणि लिंगवचन पाळतो घोड्याचे. मग ही विभक्ती की विशेषण साधणारा प्रत्यय? पाणिनीनेही षष्ठीला कारकांत स्थान न देता उरलेल्या संबंधांसाठी ती राखून ठेवली, हे येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. अर्थात इंग्रजांचेही याबाबत फारसे निराळे नव्हते. त्यांचा तो ‘एस’ म्हणजे ‘हिज’ या सर्वनामाचा संक्षेप, असे तेथील विद्वान दीर्घकाळ मानत असत. स्त्रीच्या नावालाही तोच ‘एस’ लागतो, तेव्हा हे कसे जुळावे, अशी शंका १७५५च्या कोशातील व्याकरणात जॉन्सनने काढली. खरे मूळ जुन्या इंग्रजीतील षष्ठीच्या प्रत्ययात होते. व्याख्येने न सुटणारी गाठ तेथेही इतिहासानेच सुटली.

राजवाड्यांनी मराठीपुरता हाच मार्ग धरला. १९०९मध्ये त्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि त्याच वर्षी ‘ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. मराठीतील रूपांचा विचार शालेय कोष्टकांवरून न करता जुन्या ग्रंथातील प्रयोगांवरून करावा आणि तेथून प्राकृत व संस्कृतापर्यंत मागे जावे, ही त्यांची भूमिका. या वाटेने गेल्यास षष्ठीचा प्रश्नच पालटतो. जुन्या मराठीतील ‘चिया’सारखी रूपे आजच्या ‘च्या’च्या मागे उभी दिसतात. हेमचंद्राने प्राकृतात ‘तुम्हेच्चय’, ‘अम्हेच्चय’ अशी रूपे नोंदविलीच होती. ‘दाक्षिणात्य’ शब्दातील ‘त्य’शी ‘चा’चे नाते जोडण्याचा विचारही अभ्यासकांपुढे होता. म्हणजे ‘चा’ जन्मतःच विशेषण घडविणारा असू शकतो. उलट संस्कृत षष्ठीचा खरा अवशेष ‘रामा’ या सामान्यरूपात दडलेला आहे. ‘स्य’चा ‘स्स’ होऊन त्याचा शेवट ‘आ’त झाला. इंग्रजी कोष्टकाला हे दिसणे शक्य नव्हते.

पुढे १९२०च्या ‘संस्कृत भाषेचा उलगडा’ या ग्रंथात त्यांनी प्रत्यक्ष पाणिनीलाच इतिहासदृष्टीच्या अभावाबद्दल दोष दिला आणि संस्कृतातील रूपवैविध्य हे पूर्ववैदिक बोलींच्या मिश्रणाचे फळ ठरविले. येथे त्यांची झेप पुराव्याच्या पुढे गेली, हे मान्य करावयास हवे. आडनावे आणि स्थलनामे यांच्या व्युत्पत्तींतही ओढाताण पुष्कळ आहे. ज्ञानेश्वरीच्या त्या पोथीच्या प्राचीनतेविषयीही वाद झाला. आणि मूळ पोथीच पुढे अभ्यासकांना उपलब्ध न राहिल्याने तिच्यावर उभारलेल्या व्याकरणाची फेरतपासणी अवघड होऊन बसली. अस्सल कागदासाठी गावोगाव हिंडलेल्या संशोधकाच्या बाबतीत हे घडावे, हा विपर्यास खराच.

अखेरीस ते धुळ्यास होते. शंकर श्रीकृष्ण देव, भास्कर वामन भट यांच्यासारख्यांमुळे तेथे संशोधनास अनुकूल वातावरण होते. त्या गावाच्या भोवती मात्र षष्ठी निराळीच नांदत होती. अहिराणीत ‘माझा’ नव्हे, ‘मना’; ‘तुझा’ नव्हे, ‘तुना’; ‘रामचा’ नव्हे, ‘रामना’. ‘ना-नी’ची ही जात गुजरातीतील ‘नो-नी-नुं’ला जवळची. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीने १९०७मध्ये खानदेशीला मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ल बोलींच्या सोबत बसविले होते. जळगाव जिल्ह्यात अमळनेर, पारोळ्याकडे ‘ना’ ऐकू येतो. यावल, रावेरकडच्या लेवा बोलीत ‘चा’ टिकून आहे. लिंगवचन मात्र दोन्ही प्रत्यय पाळतात, धन्याचे नव्हे तर वस्तूचे.

राजवाड्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच, जानेवारी १९२७मध्ये, धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांचे दप्तर तेथे जतन करण्यात आले आणि १९३७मध्ये धातुकोश छापून निघाला.