नॉयमन यांचा संगणक आणि चिंचोळी वाट

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र दुर्गापूर, पद्मापूरच्या कोळसा खाणींलगत उभे राहिले, त्यामागचा हिशेब साधा आहे. लाखो टन कोळसा दूरवर वाहून नेण्यापेक्षा तो निघतो तिथेच जाळावा आणि तयार झालेली वीज तारांतून पाठवावी. संगणकशास्त्र आज हाच हिशेब माहितीच्या बाबतीत मांडत आहे. ती वेळ का आली, हे समजून घ्यायचे तर जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाच्या आयुष्याकडे वळावे लागते.

नॉयमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमधील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील बँक व्यवसायात होते. मुलाची स्मरणशक्ती आणि तोंडी हिशेबाचा वेग लहानपणापासूनच विलक्षण होता. पण गणितावर पोट कसे भरणार, ही वडिलांची काळजी. त्यामुळे नॉयमन यांनी झुरिचमध्ये रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि त्याच सुमारास, १९२६ मध्ये, बुडापेस्ट विद्यापीठातून गणितात डॉक्टरेटही मिळवली. १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. १९३३ मध्ये तिथल्या नव्या संशोधन संस्थेच्या पहिल्या प्राध्यापकांत आइन्स्टाइन यांच्याबरोबर त्यांचीही निवड झाली.

दुसऱ्या महायुद्धात ते अणुबाँबच्या प्रकल्पात होते. स्फोटाच्या लहरींची गणिते हाताने सुटण्यापलीकडची होती. १९४४ च्या उन्हाळ्यात एका रेल्वे स्थानकावर हर्मन गोल्डस्टाइन या लष्करी अधिकाऱ्याशी त्यांची गाठ पडली आणि ‘एनिॲक’ या यंत्राची माहिती मिळाली. सुमारे १८ हजार निर्वात नलिकांचे हे यंत्र सेकंदाला ५ हजार बेरजा करू शकणार होते. अडचण एकच होती. गणित बदलले की तारांची जुळणी नव्याने करायची आणि त्यात कित्येक दिवस जायचे.

यावरचा उपाय नॉयमन यांनी जून १९४५ मधील एका अहवालात मांडला. यंत्राला द्यायच्या सूचना आणि आकडे, दोन्ही एकाच स्मृतीत ठेवायचे. आकडेमोड करणारा भाग वेगळा. त्याने हवे ते स्मृतीतून मागवायचे आणि उत्तर परत तिथेच ठेवायचे. यंत्राच्या भागांना त्यांनी ‘अवयव’ म्हटले. ‘स्मृती’ हा शब्दही मेंदूच्या अभ्यासातून उचललेला. अहवालावर मात्र एकट्या नॉयमन यांचे नाव होते. या कल्पनांवर आधीपासून काम करणाऱ्या एकर्ट आणि मॉक्ली या ‘एनिॲक’च्या निर्मात्यांना हा अन्याय कायम सलत राहिला.

प्रिन्स्टनला नॉयमन यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या यंत्राचे १९५२ मध्ये औपचारिक उद्घाटन झाले. त्याची स्मृती अवघी ५ किलोबाइट होती. त्याचे आराखडे सर्वांना खुले असल्याने तशीच यंत्रे देशोदेशी उभी राहिली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये सुरू केलेला ‘टीआयएफआरॲक’ हा संगणकही त्याच वळणाचा. आजचा मोबाइलही मूळ त्याच मांडणीवर चालतो.

पुढच्या दशकांत प्रोसेसरचा वेग झपाट्याने वाढला, स्मृतीचा मात्र त्या मानाने फारच कमी. दोघांमधली वाट चिंचोळी ठरू लागली. १९७७ मध्ये जॉन बॅकस यांनी या अडथळ्याला नॉयमन यांचेच नाव दिले.

हा अडथळा सर्वाधिक जाणवतो तो प्रचंड नोंदी धुंडाळताना. गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासी भागात सिकलसेल हा मोठा प्रश्न आहे. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत देशभरातील ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. समजा, एवढ्या नोंदींतून एका तालुक्यातील सिकलसेलचे रुग्ण शोधायचे आहेत आणि नोंदींना नेमकी सूची नाही. तर कोट्यवधी नोंदी एकामागून एक स्मृतीतून प्रोसेसरकडे जाणार, तिथे नुसती तुलना होणार आणि बहुतेक सगळ्या टाकून दिल्या जाणार. एका बेरजेला लागणाऱ्या ऊर्जेच्या शेकडो पट ऊर्जा मुख्य स्मृतीतून तो आकडा आणण्यातच खर्च होते.

म्हणून आता स्मृतीच्या चिपमध्येच लहान प्रोसेसर बसवले जात आहेत. फ्रान्सच्या ‘अपमेम’ कंपनीच्या चिपमध्ये प्रत्येक ६४ मेगाबाइट स्मृतीला स्वतःचा छोटा प्रोसेसर आहे. सॅमसंगनेही २०२१ मध्ये अशी स्मृती जाहीर केली. प्रत्येक भाग आपल्यापुरत्या नोंदी चाळतो आणि फक्त जुळलेल्या नोंदी पुढे पाठवतो. कोळशाऐवजी वीज पाठवावी, तसे. मर्यादाही आहेत. हे छोटे प्रोसेसर मुख्य प्रोसेसरपेक्षा बरेच संथ असतात, आज्ञावली नव्याने लिहावी लागते आणि दोन वेगळ्या चिपमधील नोंदी एकमेकींशी ताडून पाहायच्या तर माहिती हलवावीच लागते.

१९५५ मध्ये नॉयमन यांना कर्करोगाचे निदान झाले. तेव्हा ते मेंदू आणि संगणक यांच्या तुलनेवर व्याख्याने लिहीत होते. ती देणे त्यांना जमले नाही. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अपूर्ण हस्तलिखित पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आले. चेतापेशी यंत्राच्या मानाने फार संथ असतात, पण असंख्य पेशी एकाच वेळी काम करतात, हे त्यांनी त्यात नोंदवले आहे. मेंदूत स्मृती नेमकी कुठे असते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. ज्या जोडण्यांतून संदेश जातात, त्याच जोडण्यांत आठवणही साठते, असे आज मानले जाते. आकडेमोड आणि स्मृती वेगळ्या करणारा हा गणितज्ञ शेवटी त्या दोन्ही एकत्र नांदतात अशाच यंत्राचा अभ्यास करत होता.