दोन आण्यांचा रस्ता

डिसेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याच्या सीमेवरील काही गावांनी आपला समावेश गुजरातमध्ये करावा, अशी मागणी केली. कारणांमध्ये पाणी आणि आरोग्यसेवा होती, रस्तेही होते. पलीकडे चांगली सडक आणि अलीकडे खड्डे, ही या आदिवासी पट्ट्यातील ग्रामस्थांची जुनी तक्रार आहे. ज्या मुलखात मोटारी थोड्या आणि डोंगर फार, तेथील रस्त्याचे पैसे कोणी द्यायचे, हा त्यामागचा खरा प्रश्न. देशपातळीवर त्याचे पहिले पद्धतशीर उत्तर शोधण्याचे काम १९२७ साली एका मराठी बॅरिस्टरांकडे आले होते. त्यांचे नाव मुकुंद रामराव जयकर.

पुण्यातील विद्यापीठाच्या ग्रंथालयामुळे जयकरांचे नाव विद्यार्थ्यांच्या तोंडी राहिले. रस्त्यांशी त्यांचा असलेला संबंध मात्र अभियंत्यांखेरीज फारसा कुणाच्या स्मरणात नाही.

१३ नोव्हेंबर १८७३ रोजी पाठारे प्रभू कुटुंबात जन्मलेले जयकर १९०५ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसने नेमलेल्या पंजाब चौकशी समितीत गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्यासमवेत तेही होते. १९२३ मध्ये ते स्वराज्य पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात गेले. परंतु सरकारची सरसकट अडवणूक करण्यापेक्षा जेथे हित साधेल तेथे सहकार्य करावे, असे त्यांचे मत बनले. न. चिं. केळकर आणि डॉ. मुंजे यांच्यासह ते प्रतियोगी सहकारितेच्या वाटेने निघाले. त्या वेळी या भूमिकेवर टीकाही पुष्कळ झाली. मध्यवर्ती कायदेमंडळात पोहोचलेल्या जयकरांना रस्त्यांसारख्या रूक्ष विषयात लक्ष घालता आले, ते मात्र याच स्वभावामुळे.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या होत्या. बैलगाडीसाठी बांधलेले खडीचे रस्ते वेगवान रबरी चाकांखाली उखडू लागले. १९१९ च्या सुधारणांनी रस्ते हा प्रांतांचा विषय ठरवला होता आणि प्रांतांनी त्यातील बराच भार जिल्ह्यांच्या लोकल बोर्डांवर टाकला होता. बोर्डांपाशी पैसा नव्हता. पेट्रोलवरील जकात मात्र मध्यवर्ती तिजोरीत जमा होत होती. कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ठराव झाल्यानंतर जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९२८ मध्ये आला.

रस्त्यांचा विकास प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या आर्थिक आवाक्याबाहेर गेला आहे, तो राष्ट्रीय हिताचा विषय आहे आणि म्हणून मध्यवर्ती महसुलातून त्याला पैसा मिळणे रास्त आहे, असे समितीने मांडले. त्यासाठी पेट्रोलवर दर गॅलनला दोन आणे जादा घ्यावेत, अशी शिफारस केली. सरकारने ती स्वीकारली. १ मार्च १९२९ पासून जकात चार आण्यांवरून सहा आणे झाली आणि वाढीव दोन आणे मध्यवर्ती रस्ते निधीत जाऊ लागले. सोळा आण्यांच्या रुपयाच्या त्या काळात ही वाढ लहान नव्हती.

या योजनेतील मर्म पैशाच्या रकमेपेक्षा हिशेबात होते. निधीतील रक्कम वर्षअखेरीस खर्च झाली नाही तरी बुडत नसे. रस्त्याचे काम पावसाळ्यात थांबते आणि वर्षानुवर्षे चालते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या तरतुदीचे मोल कळेल. मोटारमालकाने भरलेला कर रस्त्यालाच मिळावा, हे तत्त्व या निधीने रूढ केले. बैलगाडीची लोखंडी धावही रस्ता कापत असे. पण गाडीवानाकडून कर घेणार कसा?

मात्र प्रांतांचे वाटे पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात ठरू लागले. जेथे पेट्रोल जळते तेथे पैसा जावा, हा न्याय शहरांना आणि हमरस्त्यांना मानवला. नाशिक जिल्ह्यातून मुंबई-आग्रा रस्ता आणि जीआयपीची लोहमार्गाची वाट गेली होती. सुरगाणा त्यांपासून दूर, घाटांआड. तेव्हा ते स्वतंत्र संस्थान होते आणि १९४८ साली विलीनीकरणानंतर नाशिक जिल्ह्याला जोडले गेले. शेजारच्या डांगमध्ये वघईपर्यंत बडोदे संस्थानाची नॅरोगेज आगगाडी आली. सुरगाण्यात रेल्वे आजही नाही. रस्ता नाही म्हणून मोटार नाही आणि मोटार नाही म्हणून रस्त्याला पैसा नाही, हे कोडे अशा मुलखासाठी त्या सूत्राने सुटणारे नव्हते.

रेल्वेचेही दुखणे पुढे आले. लोहमार्गाला समांतर धावणाऱ्या बसगाड्या उतारू पळवत असल्याची तक्रार वाढली, तेव्हा १९३३ मध्ये सिमल्याला रस्ते-रेल्वे परिषद भरली. जयकर समितीने सुरू केलेल्या विचारातूनच डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. रस्ते कसे बांधावेत याची तिची मानके आजही देशभर वापरली जातात.

जयकर तोवर दुसऱ्या व्यापांत गुंतले होते. १९३० मध्ये तेजबहादूर सप्रू यांच्याबरोबर त्यांनी सरकार आणि तुरुंगातील काँग्रेस नेते यांच्यात मध्यस्थी केली. गोलमेज परिषदांना गेले. पुणे कराराच्या वाटाघाटींतही होते. १९३७ मध्ये ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले, पुढे प्रिव्ही कौन्सिलवर गेले. घटना समितीतील त्यांची कारकीर्द अल्प ठरली. त्यांनी सोडलेल्या जागेवर मुंबईतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडून आले. १९४८ पासून आठ वर्षे जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. १० मार्च १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधीला २००० मध्ये स्वतंत्र कायद्याचे अधिष्ठान मिळाले. उपकर आता पेट्रोलबरोबर डिझेलवरही आला. त्यात रेल्वेवरील पुलांसाठी वाटा ठेवण्यात आला आणि डिझेलच्या उपकरातील निम्मी रक्कम ग्रामीण रस्त्यांना देण्याचे ठरले. राज्यांच्या वाटपात इंधनाच्या खपाबरोबर क्षेत्रफळही धरले गेले आणि पुढे त्याचेच वजन वाढवण्यात आले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाट प्रदेशात ५०० वस्तीची अट असताना डोंगराळ आणि आदिवासी भागासाठी ती २५० वर आणली होती. सुरगाण्यातील कितीतरी पाडे त्याहूनही लहान आहेत.