आल्डो लिओपोल्ड : चूक कबूल करणारा वनरक्षक

विद्यार्थी मित्रांनो, हरीण कुणाला आवडत नाही? टपोरे डोळे, चपळ पाय, सोबत बागडणारं पाडस. आता एका प्रश्नाचं उत्तर द्या. हरणांमुळे जंगल मरू शकतं का? तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! हरीण तर जंगलाची शोभा. अमेरिकेतल्या एका वनअधिकाऱ्यालाही तरुणपणी असंच वाटायचं. त्यांचं नाव आल्डो लिओपोल्ड. आज आपण त्यांची ओळख करून घेऊया.

लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यातील बर्लिंग्टन या गावी झाला. गाव मिसिसिपी नदीच्या काठी. वडिलांचा लाकडी टेबलं बनवण्याचा कारखाना होता आणि त्यांना शिकारीचा नाद होता. त्यांच्याबरोबर रानात फिरता फिरता छोटा आल्डो पक्षी ओळखायला शिकला. पुढे येल विद्यापीठात त्यांनी वनशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि १९०९ मध्ये ते सरकारी वनखात्यात नोकरीला लागले. पहिली नेमणूक ॲरिझोनाच्या डोंगराळ भागात झाली.

त्या काळी समज असा होता की लांडगे कमी झाले की हरणं वाढतील, आणि हरणं वाढली की शिकाऱ्यांची चंगळ होईल. लिओपोल्ड यांनाही हे पटलेलं होतं. एकदा कड्यावर बसलेले असताना त्यांना खाली लांडग्यांचं कुटुंब दिसलं. त्यांनी आणि सोबत्यांनी धडाधड गोळ्या झाडल्या. ते खाली पोचले तेव्हा एक मादी मरणपंथाला लागलेली होती. तिच्या डोळ्यांतली हिरवी चमक विझताना त्यांनी पाहिली. ती त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. तरीही पुढची कितीतरी वर्षं ते लांडगे आणि प्यूमा संपवण्याच्या बाजूनेच बोलत राहिले. माणसाचं मत एका दिवसात बदलत नाही, खरं ना?

मग मत बदललं कसं? डोळ्यांनी पाहून! ॲरिझोनात कैबाब नावाचं पठार आहे. १९०६ मध्ये तिथं हरणांची शिकार बंद झाली आणि सरकारी माणसांनी लांडगे, प्यूमा मारून टाकले. हरणं बेसुमार वाढली. तोंड पोचेल तिथपर्यंतचा सगळा पाला त्यांनी फस्त केला. १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत हजारो हरणं उपासमारीने मेली. १९३५ मध्ये लिओपोल्ड जर्मनीला गेले. तिथं स्प्रूसची झाडं ओळीने उभी होती, हरणांना माणसं चारा घालत होती, पण झाडांखाली रानफुलं आणि झुडपं जवळजवळ उरलीच नव्हती. याउलट मेक्सिकोच्या डोंगरात त्यांना हरणंही दिसली, लांडगेही दिसले आणि जंगलही भरगच्च होतं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की लांडगा हा हरणांचा शत्रू असला तरी जंगलाचा राखणदार आहे.

हे नीट समजण्यासाठी आपल्या शाळेचं उदाहरण घेऊ. समजा पहिलीच्या वर्गात सलग सात वर्षं एकही मूल दाखल झालं नाही. सुरुवातीला शाळा भरलेली दिसेल. पण सातवीची मुलं दरवर्षी बाहेर पडत राहतील आणि एक दिवस वर्ग रिकामे होतील. जंगलाचंही तसंच असतं. हरीण मोठं झाड पाडत नाही, ते कोवळ्या रोपांचे शेंडे खातं. लांबून जंगल हिरवंगार दिसतं, पण त्यात लहान झाडंच नसतात. म्हातारी झाडं पडली की त्यांची जागा घ्यायला मागे कुणीच नसतं.

१९३३ पासून लिओपोल्ड विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक होते. १९४० नंतर विस्कॉन्सिनच्या जंगलातही हरणं फार वाढली. हिवाळ्यात ती दलदलीच्या झाडीत गोळा व्हायची, तिथला पाला संपवायची आणि भुकेने मरायची. लिओपोल्ड यांनी लोकांच्या समितीला बर्फातून तिथं नेलं आणि हे दाखवलं. नुसते नर मारून संख्या कमी होणार नाही, माद्याही कमी कराव्या लागतील, असं त्यांचं म्हणणं होतं. १९४३ मध्ये तशी परवानगी मिळाली आणि सुमारे १,२८,००० हरणं मारली गेली. लोक खवळले. वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पण ते मागे हटले नाहीत. आपली जुनी चूकही त्यांनी लपवली नाही. १९४४ मध्ये एक लेख लिहून त्या लांडग्याच्या मादीची गोष्ट त्यांनी सगळ्यांना सांगितली.

हा माणूस फक्त बोलणारा नव्हता. १९३५ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी एक उजाड, वाळूचं शेत विकत घेतलं. तिथल्या कोंबड्यांच्या खुराड्याची त्यांनी झोपडी केली. पत्नी एस्टेला आणि पाच मुलांना घेऊन ते सुट्टीत पाइनची रोपं लावायचे. १९३६ च्या दुष्काळात बहुतेक रोपं वाळली. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा लावली. अशी वर्षानुवर्षं हजारो झाडं लागली. आज तिथं दाट झाडी आहे.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. त्यांचं प्रसिद्ध पुस्तक ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ १९४९ मध्ये छापून आलं. ते त्यांना पाहता आलं नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे परत आणावेत असं त्यांनी सुचवलं होतं. १९९५ मध्ये ते खरोखर आणले गेले. त्यानंतर तिथल्या एल्क हरणांची संख्या कमी झाली आणि काही ठिकाणी विलोची झुडपं पुन्हा वाढू लागली.

मित्रांनो, आपल्या हिवरे बाजार गावाने चराईबंदी केली, तीही कोवळी रोपं जगावीत म्हणूनच. प्राण्यांवर प्रेम जरूर करा, पण ते ज्या रानावर जगतात त्या रानाचाही विचार करा. आणि आपलं चुकलं असं कळलं, तर लिओपोल्ड यांच्यासारखं ते मोकळेपणाने सांगा.

विचार करा : तुमच्या गावाजवळच्या रानात मोठी झाडं किती आणि गुडघ्याएवढी रोपं किती? पुढच्या रविवारी घरच्यांसोबत जा, मोजा आणि वहीत लिहून आणा.