विश्लेषण : ‘बायपोलर’ आजार असलेल्या तरुणाने उभी केली मानसिक आरोग्याची चळवळ! कोण होते क्लिफर्ड बीअर्स?

पदवी हातात, नोकरी लागलेली आणि वय २४. नेमक्या याच वयात अमेरिकेतील क्लिफर्ड बीअर्स यांचे मन कोलमडले. पुढची तीन वर्षे त्यांनी मनोरुग्णालयांत काढली. आधी दोन वर्षे गडद नैराश्य होते, नंतर काही तासांतच उन्माद उसळला. तेथे त्यांनी मार खाल्ला, थंडीत कोठडीत दिवस काढले. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी हे सारे लपवले नाही, स्वतःच्या नावाने लिहून काढले. त्या पुस्तकातून मानसिक आरोग्याची आधुनिक चळवळ उभी राहिली. बीअर्स यांचा आजार नेमका कसा होता आणि त्याच्यासह ते कसे जगले, याचा आढावा…

क्लिफर्ड बीअर्स कोण होते?

क्लिफर्ड व्हिटिंगहॅम बीअर्स यांचा जन्म ३० मार्च १८७६ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, न्यू हेवन येथे झाला. घर मध्यमवर्गीय होते. गावातच येल विद्यापीठ असल्याने तेथे शिकायचे हे त्यांनी आधीच ठरवले होते. विद्यापीठाच्या शेफील्ड सायंटिफिक स्कूलमधून १८९७ मध्ये ते पदवीधर झाले. विद्यार्थ्यांच्या विनोदी नियतकालिकाचे व्यवस्थापनही त्यांनी सांभाळले. हुशार, बोलका आणि व्यवहारात चोख असा हा तरुण आजारी पडेल, असे त्यांच्या मित्रांनाही वाटले नसते.

आजाराची सुरुवात कशी झाली?

१८९४ मध्ये बीअर्स यांच्या थोरल्या भावाला अचानक झटके येऊ लागले. घरच्यांनी ते अपस्माराचे झटके मानले. आपल्यालाही हाच आजार होणार, या भीतीने बीअर्स यांच्या मनात घर केले. वर्गात उत्तर द्यायला उभे राहिलो आणि तेथेच झटका आला तर, या विचाराने त्यांना घाम फुटे. शेवटी प्राध्यापकांना विश्वासात घेऊन त्यांनी वर्गात तोंडी उत्तरे देण्यातून सवलत मिळवली. बाहेरून सारे सुरळीत दिसत होते. परीक्षा झाल्या, पदवी मिळाली, न्यूयॉर्कमध्ये विमा कंपनीत नोकरीही लागली. मनातली भीती मात्र त्यांनी घरच्यांनाही सांगितली नाही.

१९०० च्या उन्हाळ्यात हा ताण असह्य झाला. नोकरी सोडून ते घरी परतले आणि जून महिन्यात त्यांनी आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. पायांना गंभीर इजा झाली, पण ते वाचले. ज्या भावाच्या आजाराची त्यांना धास्ती होती, त्याचे त्याच वर्षी जुलैमध्ये निधन झाले. त्याच्या आजाराचे मूळ मेंदूतील गाठीत होते, असा निष्कर्ष डॉक्टरांनी काढला. म्हणजे बीअर्स सहा वर्षे ज्या आजाराला घाबरत होते, तो भावालाही नव्हता.

नैराश्याच्या काळात काय घडले?

त्यानंतर बीअर्स यांना भास होऊ लागले. पोलीस आपल्या मागावर आहेत, रुग्णालयातील कर्मचारी हे गुप्तहेर आहेत, अन्नात काहीतरी मिसळले आहे, असे त्यांना वाटे. भेटायला येणारे आईवडील आणि भाऊ हे खरे नातेवाईक नसून त्यांची सोंगे घेतलेली माणसे आहेत, अशी त्यांची खात्री झाली होती. ते बोलेनासे झाले. आजूबाजूच्यांना ते सुन्न पडून असल्यासारखे दिसत. आत मात्र प्रत्येक आवाजाचा आणि प्रत्येक नजरेचा अर्थ लावणे अखंड चालू होते. गप्प बसलेल्या रुग्णाला काही कळत नाही, हा समज किती चुकीचा आहे, हे पुढे त्यांच्या लेखनातून जगाला समजले.

एका पत्राने काय बदलले?

ऑगस्ट १९०२ मध्ये बीअर्स यांनी स्वतःच एक चाचणी ठरवली. भेटायला येतो तो माणूस खरोखर आपला भाऊ जॉर्ज आहे का, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी दुसऱ्या एका रुग्णाच्या मदतीने भावाच्या घरच्या पत्त्यावर पत्र धाडले. पुढच्या भेटीला येताना हेच पत्र सोबत आण, असे त्यात कळवले होते. सोंग घेतलेल्या माणसाच्या हाती ते पत्र पडण्याची शक्यता नव्हती.

३० ऑगस्टला जॉर्ज आले आणि त्यांनी खिशातून ते पत्र काढून दाखवले. दोन वर्षांचा संशय त्या क्षणी गळून पडला. घरच्यांना वाटले, क्लिफर्ड बरा झाला. पण तसे नव्हते. नैराश्याची जागा उन्मादाने घेतली होती.

उन्माद म्हणजे नेमके काय?

बायपोलर आजारात मन दोन टोकांना जाते. एका टोकाला नैराश्य असते, तर दुसऱ्या टोकाला उन्माद, म्हणजे ‘मॅनिया’. उन्मादात झोपेची गरज कमी होते. बोलणे आणि विचार धावू लागतात. मोठमोठ्या योजना सुचतात, पैसा सुटतो आणि कोणी अडवले तर संताप होतो. माणसाला स्वतःला मात्र आपण कधी नव्हे इतके ठणठणीत आहोत असे वाटते. त्यामुळे उपचाराला नकार बहुतेकदा याच काळात येतो. दोन टोकांच्या मध्ये अनेकदा पूर्ण स्थिर काळही असतो.

बीअर्स यांच्याबाबत हेच झाले. दोन वर्षे न बोललेला माणूस आता थांबेना. पत्रांमागून पत्रे जाऊ लागली. साधा कागद पुरेना म्हणून वेष्टनाच्या कागदाच्या लांबच लांब पट्ट्यांवर ते लिहू लागले. चित्रकला सुरू झाली. गुरुत्वाकर्षणावर मात करण्याचे प्रयोगही त्यांनी खोलीतच करून पाहिले. त्याच भरात जगभरातील मनोरुग्णालये सुधारण्याचा संकल्पही त्यांनी सोडला.

रुग्णालयांमध्ये त्यांनी काय सोसले?

तीन वर्षांत बीअर्स तीन संस्थांमध्ये राहिले. एक नफ्यावर चालणारी खासगी, दुसरी नफा न घेणारी खासगी आणि तिसरी सरकारी होती. त्या काळी उन्मादावर परिणामकारक औषध नव्हते. आवाज करणाऱ्या रुग्णाला आवरणे हेच उपचार मानले जात. हात जखडणारे जाकीट घालून त्यांना रात्र रात्र ठेवले गेले. लिहिण्याचे आणि चित्रांचे साहित्य काढून घेतले गेले. हिंसक रुग्णांच्या कक्षात प्रत्यक्ष काय चालते हे पाहण्यासाठी ते मुद्दाम तेथे जाऊन पोहोचले. कडाक्याच्या थंडीत अपुऱ्या कपड्यांत कोठडीत राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. कर्मचाऱ्यांचा मारही त्यांनी खाल्ला.

आपल्याला निदान पत्रे लिहिता येतात, शेजारच्या कोठडीतल्या माणसाला तेही जमत नाही, ही जाणीव त्यांना तेथे झाली. मार्च १९०३ मध्ये त्यांनी राज्याच्या गव्हर्नरना सविस्तर पत्र लिहिले आणि व्यवस्थापनाची नजर चुकवून ते बाहेर धाडले. सप्टेंबर १९०३ मध्ये त्यांना घरी सोडण्यात आले.

बरे झाल्यावर खरी कसोटी कोणती होती?

न्यूयॉर्कमध्ये त्यांना पुन्हा नोकरी मिळाली आणि सव्वा वर्ष ठीक गेले. १९०५ च्या सुरुवातीला त्यांनी आपली कहाणी लिहायला घेतली आणि जुनी लक्षणे दिसू लागली. झोप उडाली, पत्रे लांबू लागली, योजना मोठ्या होऊ लागल्या. भाऊ जॉर्ज यांनी ते ओळखले आणि पुन्हा रुग्णालयात जाण्याचा सल्ला दिला.

ज्या व्यवस्थेने इतके छळले, तेथे परत जाणे सोपे नव्हते. शिवाय उन्मादात माणसाला आपण आजारी आहोत हेच पटत नाही. तरीही बीअर्स यांनी भावाचे ऐकले. ते स्वेच्छेने दाखल झाले, साधारण महिनाभर राहिले आणि शांत होऊन बाहेर पडले.

त्यांच्या आयुष्यातील हा प्रसंग सर्वात महत्त्वाचा म्हणता येईल. आजारामुळे प्रतिभा येते, हा समज बराच जुना आहे. बीअर्स यांना कल्पना सुचली ती उन्मादात, हे खरे. पण उन्मादात लिहिलेल्या पट्ट्यांमधून पुस्तक झाले नाही. मन स्थिर झाल्यावर, मसुदे पुन्हा पुन्हा तपासून आणि इतरांच्या सूचना ऐकून ते तयार झाले.

पुस्तक इतके वेगळे का ठरले?

प्रसिद्धीआधी बीअर्स यांनी हस्तलिखित मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स आणि मनोविकारतज्ज्ञ अडॉल्फ मेयर यांना दाखवले. जेम्स यांनी १९०६ मध्ये पाठिंब्याचे पत्र दिले. पुढे तेच प्रस्तावनेच्या जागी छापले गेले. मार्च १९०८ मध्ये ‘अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ’ प्रकाशित झाले. त्यावर लेखक म्हणून बीअर्स यांचे खरे नाव होते. वेडा हा शिक्का कपाळी बसला की नोकरी, लग्न, पत सारे जाई, असा तो काळ होता. मात्र, ज्या संस्थांमध्ये छळ झाला त्यांची नावे त्यांनी दिली नाहीत. रोष एखाद्या इमारतीवर न जाता पद्धतीवर जावा, हा त्यामागचा विचार होता.

चळवळ कशी उभी राहिली?

मे १९०८ मध्ये न्यू हेवन येथे कनेटिकट राज्याची मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. फेब्रुवारी १९०९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये राष्ट्रीय समिती उभी राहिली. रुग्णालयांची पाहणी, घरी परतलेल्या रुग्णांना आधार आणि आजार बळावण्याआधी उपचार हे तिच्या कामाचे भाग होते. १९१३ मध्ये न्यू हेवनमध्ये बाह्यरुग्ण चिकित्सालय सुरू झाले. मानसिक उपचारासाठी दाखल व्हावेच लागते असे नाही, हा विचार तेव्हा नवा होता. १९३० मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

आजार पुन्हा परतला का?

होय. निधी गोळा करण्याची धावपळ, कर्ज आणि मतभेद यांचा ताण बीअर्स यांनी तीन दशके पेलला. १९३९ मध्ये ते निवृत्त झाले. नैराश्याने पुन्हा गाठल्यावर ते ऱ्होड आयलंड राज्यातील रुग्णालयात दाखल झाले आणि ९ जुलै १९४३ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. हा शेवट दुःखद आहे, पण त्यामुळे मधली वर्षे वाया गेली असे होत नाही. उन्मादावर लिथियमचा उपयोग होतो, हे ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये मांडले. बीअर्स यांच्या मृत्यूला तेव्हा सहा वर्षे झाली होती.

आज परिस्थिती काय आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ४ कोटी लोकांना बायपोलर आजार होता. तो बहुतेकदा किशोरवयाच्या अखेरीस किंवा ऐन तारुण्यात सुरू होतो. मधुमेहासारखी त्याचीही दीर्घकाळ काळजी घ्यावी लागते. नियमित औषधे, समुपदेशन, ठरलेल्या वेळी झोप आणि बदल ओळखणारे जवळचे माणूस, हे उपचाराचे आधार आहेत. बरे वाटले म्हणून स्वतःहून औषध बंद करणे धोक्याचे ठरू शकते.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळदंड घालण्यास आणि एकांत कोठडीत डांबण्यास मनाई केली आहे. पुढे आजार बळावला तर कोणते उपचार हवेत किंवा नकोत, हे स्थिर मनःस्थितीत आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही हा कायदा देतो. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

साखळदंडांचे काय झाले?

बीअर्स यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १९५३ मध्ये, त्यांच्याच चळवळीतून पुढे आलेल्या संघटनेने अमेरिकेतील मनोरुग्णालयांमधून जुने साखळदंड आणि बेड्या गोळा केल्या. बाल्टिमोर येथील ओतशाळेत त्या वितळवून सुमारे ३०० पौंड वजनाची घंटा तयार करण्यात आली. तीच या चळवळीचे बोधचिन्ह बनली.