वालचंद हिराचंद रंक नव्हते

परळीसारख्या गावी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणाऱ्यावर वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक होण्याची पाळी वारंवार येते. विषय उद्योजकतेचा असला की एक कथा हटकून ऐकावयास मिळते. खिशात दमडी नसलेला एक मुलगा गाव सोडतो, बंदरावर हमाली करतो आणि पुढे जहाजांच्या ताफ्याचा धनी होतो. नायक कधी ग्रीक जहाजमालक ओनासिस असतो, तर कधी आपले वालचंद हिराचंद. ओनासिसचे वडील स्मर्ना बंदरातील चांगले सुखवस्तू तंबाखू व्यापारी होते, आणि १९२२ च्या वाताहतीत ते वैभव गेले, हे वक्त्यास ठाऊक नसते. वालचंदांच्या बाबतीतही रंकाचा राव झाल्याची कथा खरी नाही. ती खरी नाही म्हणून त्यांचे मोठेपण उणावते असे मात्र नाही. उलट, गरिबीचा तो कल्पित अध्याय गाळल्यावरच त्यांनी नेमके कशाशी झुंज घेतली ते दिसू लागते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे काठेवाडातून आलेले, दिगंबर जैन, आडनाव दोशी. सोलापुरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई वारली आणि नातलगांच्या मायेत ते वाढले. १८९९ मध्ये मॅट्रिक होऊन मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन अशी दोन महाविद्यालये त्यांनी पाहिली, पण पदवी न घेताच ते पेढीवर परतले. पेढीवरही त्यांचे मन रमले नाही. व्याजावर व्याज चढत बसलेले पाहणे हा त्यांचा पिंड नव्हता.

या कथेत खरोखर रिकाम्या हाताने आलेला माणूस निराळाच आहे. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतील एक कारकून. नोकरी सोडून ते ठेकेदारीत उतरू पाहत होते. कामाची माहिती त्यांच्यापाशी होती, भांडवल नव्हते. वालचंदांपाशी पेढीची पत होती, कामाची माहिती नव्हती. १९०३ च्या सुमारास हे दोघे एकत्र आले आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या तुकड्याचे काम त्यांनी घेतले. आपल्या मराठवाड्यातील वाचकांस हा मुलूख परका नाही; लातूरकडे येणारी ती अरुंद गाडी अनेकांच्या स्मरणात असेल. समुद्रावर जहाजे सोडणाऱ्या माणसाचे पहिले भांडवल समुद्रापासून इतक्या दूर, खडी आणि मुरूम टाकण्याच्या कामातून उभे राहिले, ही गोष्ट चरित्रकारांपेक्षा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अधिक लक्षात ठेवावी.

पुढील पंधरा वर्षे ठेकेदारीची. महायुद्धाच्या काळात सरकारी बांधकामांस तोटा नव्हता, आणि त्यानंतर टाटांसमवेत काढलेल्या बांधकाम कंपनीने बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे पार पाडली. ज्या परकी सरकारशी वालचंद पुढे आयुष्यभर भांडले, त्याच सरकारच्या ठेक्यांवर त्यांची पत वाढली होती. यात कोणास विसंगती दिसेल. माझ्या मते त्या काळी मोठे भांडवल जमविण्याचे मार्गच मोजके होते, आणि वालचंदांनी तो पैसा जमिनीत किंवा सावकारीत पुरून ठेवला नाही, हे अधिक महत्त्वाचे.

१९१९ मध्ये जहाजाचा योग आला. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे एक जहाज विक्रीस होते. मूळचे ते कॅनडाच्या कंपनीचे, नाव एम्प्रेस ऑफ इंडिया. महाराजांनी १९१४ मध्ये ते घेऊन लॉयल्टी असे नाव दिले होते आणि युद्धात ते रुग्णनौका म्हणून वापरले गेले होते. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना बरोबर घेऊन ते विकत घेतले. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी २७ मार्च १९१९ रोजी झाली आणि ५ एप्रिलला लॉयल्टीने मुंबई बंदर सोडले. तो दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाज मात्र जुने होते. चारच वर्षांत ते भंगारात गेले.

जहाज विकत घेणे अवघड नव्हते. अवघड होते ते त्यात माल भरणे. आमच्या विद्यार्थ्यांस कोळशाच्या वॅगनीचे आणि उसाच्या गाडीचे भाडे समजते, म्हणून त्याच भाषेत सांगतो. समजा, कारखान्याकडे ऊस नेणारे सारे ट्रक एकाच मालकाचे आहेत. तुम्ही एक नवा ट्रक घेतला. तो मालक शेतकऱ्यांस सांगतो की वर्षभर फक्त माझ्याच ट्रकने ऊस पाठविलात तर भरलेल्या भाड्यातील काही हिस्सा मी वर्षाअखेर परत करीन. एकदा जरी दुसरीकडे गेलात तरी साठलेली सारी रक्कम बुडेल. मग शेतकरी नव्या ट्रककडे वळेल कसा? जहाजधंद्यात ही युक्ती लांबणीवरच्या सुटीच्या नावाने चाले. तेवढ्यानेही नवा भिडू हटला नाही, तर भाडे खर्चाच्याही खाली आणावयाचे आणि तो बुडाला की पुन्हा चढवावयाचे.

हिंदी किनाऱ्यावरील तो मालक म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आणि तिचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप. टपालाच्या ठेक्यांचा सरकारी पैसा तिच्या पाठीशी होता. हे हत्यार वालचंदांसाठी नव्याने घडविलेले नव्हते. जमशेटजी टाटांनी १८९३ मध्ये जपानी कंपनीच्या साहाय्याने कापसासाठी जहाजे चालविली, तेव्हा पी अँड ओ कंपनीने भाडे पाडून त्यांस माघार घ्यावयास लावली. तुतिकोरिनच्या चिदंबरम पिळ्ळैंनी १९०६ मध्ये स्वदेशी जहाज कंपनी काढली. १९०८ मध्ये ते तुरुंगात गेले आणि कंपनी मोडली. सिंदियाची जहाजे रंगूनचा तांदूळ वाहू लागताच रंगून-मुंबई भाडे टनाला १८ रुपयांवरून ६ रुपयांवर आणले गेले. आज २००२ चा स्पर्धा कायदा अशा भावपाडूपणास गैर ठरवितो. त्या वेळी हिंदी कंपनीने दाद मागावी असा कायदा नव्हता, आणि कायदे करणाऱ्यांचे आप्त प्रतिपक्षातच होते.

इंचकेप यांनी सिंदिया विकत घेण्याचा प्रस्ताव पुढे केला. भागधारक तोट्याने गांजले होते. घ्यावा असे अनेकांस वाटणे स्वाभाविक होते. वालचंदांनी तो धुडकावला. परंतु १९२३ मध्ये तडजोड करावी लागली. दहा वर्षांच्या त्या करारान्वये सिंदियाने ७५ हजार टनांची मर्यादा आणि केवळ किनारी व्यापार मान्य केला. परदेशी मार्ग सोडून दिले. काही टीकाकार यास शरणागती म्हणतात. टाटा आणि पिळ्ळै यांच्या कंपन्या नाहीशा झाल्या, ही जगली, एवढे पाहता मला ते म्हणणे पटत नाही. जगलेली कंपनीच पुढे कायद्यासाठी भांडू शकते.

ते भांडण वालचंदांनी पंचवीस वर्षे चालविले. मागणी एकच होती : हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील मालवाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवावी. १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात तसे विधेयक आणले, पण त्याचा कायदा झाला नाही. १९३५ च्या राज्यघटना कायद्यात तर ब्रिटिश कंपन्यांविरुद्ध भेदभाव करता येणार नाही अशी कलमेच घातली गेली. बलिष्ठ आणि दुर्बल यांस सारखे वागविणे म्हणजे समता, अशी ती युक्ती होती. या मागणीत वालचंदांचा स्वार्थ नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तो होताच, पण येथे त्यांचा स्वार्थ आणि देशाचा स्वार्थ एकाच दिशेने जात होते.

नरोत्तम मोरारजी १९२९ मध्ये अपघातात वारले आणि अध्यक्षपद वालचंदांकडे आले. १९३९ मध्ये कोकण किनाऱ्यावरील बोटी चालविणारी बॉम्बे स्टीम कंपनी सिंदियाने घेतली. रावळगाव आणि वालचंदनगर येथील साखर, बंगलोरचा विमान कारखाना, कुर्ल्याची प्रीमियर मोटार यांचा तपशील येथे देत नाही. प्रत्येकावर स्वतंत्र लेख व्हावा. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणीची कोनशिला मात्र नोंदलीच पाहिजे. २१ जून १९४१ रोजी, महायुद्ध चालू असताना, राजेंद्र प्रसाद यांनी ती बसविली. तेथे बांधलेले पहिले जहाज जलउषा १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. १९५२ मध्ये त्या गोदीचा मोठा हिस्सा सरकारने घेतला.

किनारी व्यापार हिंदी जहाजांस राखून ठेवण्याचे धोरण १९५० च्या सुमारास प्रत्यक्षात आले. तोवर पक्षाघाताने वालचंद अंथरुणास खिळले होते आणि त्याच वर्षी ते कामातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

सिंदिया कंपनी पुढे कर्जात बुडाली आणि तिची जहाजे आता समुद्रावर नाहीत. आरक्षण मिळूनही ती का टिकली नाही, हा प्रश्न तिच्या चाहत्यांनी टाळू नये. मे २०१८ मध्ये केंद्र सरकारने आयात-निर्यातीचे कंटेनर किनाऱ्याने नेण्यास परदेशी जहाजांना परवान्याविना मुभा दिली. भाडे उतरेल आणि आपली बंदरे वाढतील, हा त्यामागील युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. परंतु उतरलेले भाडे किती दिवस उतरलेले राहील आणि देशी जहाजे हटल्यावर ते कोण ठरवील, याचा हिशेब सरकारने वर्षावर्षाला संसदेपुढे ठेवावा. तसे बंधन त्या सवलतीबरोबरच घालावयास हवे होते.