भिंगाचे कोडे आणि हान्स श्पेमान

दुसरबीडच्या परिसरात पावसाने जोर धरला की डबक्यांत बेडकांची अंडी दिसू लागतात. अशाच अंड्यांवर एका जर्मन शास्त्रज्ञाने आपले आयुष्य वेचले.

हान्स श्पेमान यांचा जन्म २७ जून १८६९ रोजी श्टुटगार्ट येथे एका प्रकाशकाच्या घरी झाला. काही काळ पुस्तक व्यवसायात काढून १८९१ मध्ये ते हायडेलबर्गला वैद्यक शिकू लागले. पुढे व्युर्त्सबुर्ग येथे थिओडोर बोव्हेरी यांच्या हाताखाली प्राणिशास्त्राकडे वळले. क्षयरोगातून बरे होत असताना त्यांनी व्हाइसमान यांचा आनुवंशिकतेवरील ग्रंथ वाचला. एका अंड्यातून निरनिराळे अवयव कसे घडतात, या प्रश्नाने त्यांना घेरले ते कायमचे. साधने साधीच होती. तान्ह्या बाळाच्या मऊ केसाचा फास करून ते अंडी आवळीत.

भ्रूणाच्या मेंदूतून एक फुगवटा निघतो व त्याची वाटी होते. तिच्यासमोरच्या त्वचेतून भिंग बनते. दोहोंची गाठ इतकी अचूक कशी पडते? १९०१ मध्ये श्पेमान यांनी वाटी घडविणारा भाग तप्त सुईने नष्ट केला. त्या बाजूस भिंग झालेच नाही! म्हणजे वाटीकडून त्वचेस संदेश जात होता. पुढे बेडकाच्या दुसऱ्या जातीत मात्र वाटीविनाही भिंग उमटले. स्वतःच्या मताला छेद देणारा हा निष्कर्षही त्यांनी प्रसिद्ध केला. आम्हांस हे धैर्य त्यांच्या पारितोषिकाहून मोठे वाटते.

डोळ्याच्या वाढीचा प्रश्न अमेरिकेत येल विद्यापीठातील रॉस हॅरिसन यांनी हाती घेतला. सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या मोठ्या व लहान जातींच्या भ्रूणांत त्यांनी वाटी आणि भिंग यांची अदलाबदल केली. दोन्ही भाग परस्परांच्या मापाशी जुळवून घेत वाढले. अशा संदेशांचे वाहक म्हणजे पेशींनी स्रवलेली प्रथिने, हे आज ज्ञात आहे.

फ्रायबुर्ग येथे श्पेमान यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड हिने न्यूटच्या भ्रूणाचा इवलासा तुकडा दुसऱ्या भ्रूणावर रोपला. तेथे जवळजवळ दुसरा भ्रूणच आकारास आला. हा शोध १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी भाजल्याने तिचा मृत्यू झाला. वयाची सव्वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. १९३५ चे नोबेल पारितोषिक एकट्या श्पेमान यांना मिळाले. आम्ही वर्गात फळ्यावर दोन्ही नावे लिहितो.

१९३८ च्या ग्रंथात श्पेमान यांनी वाढलेल्या पेशीचे केंद्रक अंड्यात बसवून पाहण्याची कल्पना मांडली. तो प्रयोग पुढच्या पिढीने केला; श्पेमान सप्टेंबर १९४१ मध्येच निवर्तले होते.